काम नंबर तीनचा वाटोळा बिल्ला

कुंभकोणम्, ११ फेब्रुवारी १९५७, सोमवार

मद्रासहून निघताना दुकानमालकाने ही वही दिली. यंत्रांची रोजची नोंद ठेव म्हणाला. नोंद दोन ओळींत संपते आणि खाली पान मोकळं राहतं. मोकळं पान मला बघवत नाही, म्हणून तिथे माझं मी लिहितो. शिक्षण चौथी. अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचणारा मी एकटाच.

मुरगूड सोडून सहा वर्षं झाली. कोल्हापुरात शिलाई मशिनं, हुबळीत मोटारी, मद्रासला टाइपरायटर आणि गणिताची यंत्रं. कुठे दोन वर्षांवर टिकलो नाही. काम हाताला आलं की पाय वळवळायला लागतात. इथे वर्षाच्या बोलीवर आलोय. इथल्या एका ट्रस्टच्या कॉलेजाने गणिताची पाच यंत्रं घेतली आणि ती सांभाळायला मी. चार हातदांड्याची, एक विजेवरचं. विजेवरचं परदेशी आहे, भागाकार आपला आपण करतं. तिला मी थोरली म्हणतो.

पहिल्याच दिवशी बारा प्रोफेसर आणि त्यांचे वीसेक चेले खोलीत घुसले. सगळ्यांना थोरलीच पाहिजे. एका विद्वानाने दांडा जड जातो म्हणून त्यात खोबरेल तेल ओतलं. माझ्यासमोर! तीन तास धुतलं.

२० फेब्रुवारी

भांडणं रोजची. कोण कोणाचं काम करतोय पत्ता नाही. एकाचा चेला दुसऱ्याचे आकडे बघून जातो, तिसऱ्याचं काम संपून चार दिवस झाले तरी त्याचा माणूस दांडा सोडत नाही.

मी तोड काढली. प्रत्येक कामाला नंबर. रजिस्टरात त्याचं पान : काम कसलं, थोरलीवर आठवड्याला किती तास, कोणत्या तारखेपर्यंत. आणि पितळी बिल्ले, तीन आकारांचे. वाटोळा मुख्य माणसाचा. तास तो मागणार, आपल्या कामात कोण आत आणि कोण बाहेर ते तो ठरवणार. चौकोनी ज्याचा, तो यंत्रावर बसणार. तिकोनी ज्याचा, त्याने कपाटातले आकडे फक्त बघायचे, यंत्राला हात लावायचा नाही. बिल्ला नाही त्याने उंबरा ओलांडायचा नाही.

भांडी घडवणाऱ्या रामलिंगकडून पन्नास बिल्ले पाडून घेतले. म्हणाला, "तंबी, देवळातल्या हत्तीच्या गळ्यात घालणार काय?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी म्हटलं, "हत्ती नव्हे, प्रोफेसर आहेत. जास्त आवाज करतात."

नियम मी मराठीत सांगितले, ऑफिसातल्या कारकुनाने इंग्रजीत उतरवले. प्रिन्सिपॉल स्वामीनाथन् यांनी न वाचता सही ठोकली. एकूण अकरा नियम. एक कमी नाही, एक जास्त नाही.

२ मार्च, शनिवार

काम नंबर तीन आज सुरू झालं. मुख्य माणूस सुंदरराव, गणिताचे जुने मास्तर. साठी उलटली तरी कॉलेजाने वर्ष-वर्ष मुदत वाढवून ठेवलंय. इथल्या जुन्या मराठी घरातले. कावेरीच्या पाण्याचे तक्ते करतायत : धरणातून एवढं पाणी सोडलं तर कोणत्या कालव्याच्या शेवटाला किती दिवसांनी किती पोचेल. दोनशे बारा पानं. एक जूनच्या आत पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात गेली तर यंदाच्या पाळ्या त्यावर लागतील. उशीर झाला तर मागचे जुने तक्तेच चालवणार.

बरोबर त्यांची पुतणी वत्सला. बी.ए. झाली आहे, नोकरी नाही. तिला चौकोनी बिल्ला.

मास्तर बोलतात ते पोथीतल्यासारखं. "कोण रे तूं? देशींचा कीं?" आमच्या मुलखाला हे लोक देश म्हणतात. मी म्हटलं, होय, मुरगूडचा, भैरू. "बैस. तुझें मराठी फार धांवतें, मज पकडतां येत नाहीं."

वाटोळा बिल्ला हातात दिला तर त्यांनी अंगठा फिरवून पाहिला, मग चौकोनी, मग तिकोनी. "उत्तम केलेंस. डोळे मिटूनहि कळतें." इतक्या प्रोफेसरांत माझ्या कारागिरीची किंमत कळलेला हा एकच माणूस.

२८ मार्च

खोली मापात चालली आहे. सांख्यिकीचे वैद्यनाथन् (काम एक : शाळेतल्या पोरांची उंची आणि वजन) तिकोनी बिल्लेवाल्याला यंत्रावर बसवू पाहत होते. मी बिल्ला बोटाने दाखवला. म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे?" मी म्हटलं, "सार, आपण वाटोळे आहात." पोटाकडे बघून सगळे हसले. माझ्या मनात तसं काही नव्हतं. वैद्यनाथन् हसले नाहीत. चेल्याला मात्र उठवलं.

थोरलीवर सगळ्यात स्वच्छ हात वत्सलाबाईंचा. यंत्राचा वरचा गाडा सरकवताना दाणकन आपटत नाही. सुंदरराव शेजारी खुर्चीत बसतात, ती आकडे हळू आवाजात म्हणते, ते मान हलवतात.

९ एप्रिल

आज डोकं फिरलं. काम एकचं एक पान चुकीचं बाहेर गेलं, आणि वैद्यनाथन् सगळ्यांसमोर म्हणाले, "हे पान मी पाहिलंच नव्हतं. यंत्र बिघडलं असेल."

यंत्र! यंत्र बिघडलं नव्हतं, त्यांच्या माणसाने एक शून्य खाल्लं होतं. म्हणून बारावा नियम : मुख्य माणसाने स्वतः खोलीत यायचं, प्रत्येक पान हातात घेऊन त्याचा शेवटचा आकडा मोठ्याने वाचायचा, आणि पानाच्या पायथ्याला मी आखलेल्या चौकटीत सही करायची. म्हणजे पाहिलं नव्हतं हे बोलायची सोय नाही. प्रिन्सिपॉलांनी हाही मंजूर केला. या वेळी वाचून.

वत्सलाबाईंनी विचारलं, "सगळीं पानें? काकांनीच?" मी म्हटलं, "काम त्यांचं, तर डोळे त्यांचेच पाहिजेत." त्यांनी पान उलटलं आणि पुढचा आकडा लावला.

१३ एप्रिल

सुंदररावांनी आज नऊ पानं वाचली. वाचली कसली! पान हातात घेतात, तोंड खिडकीकडे, आणि सात अंकी आकडा घडाघड म्हणतात. चष्मा खिशातच. वैद्यनाथन् दोन चष्मे बदलतात तेव्हा कुठे एक आकडा निघतो. विद्वत्ता म्हणतात ती ही. मग वत्सलाबाई त्यांचं बोट धरून चौकटीवर नेतात आणि ते सही करतात. मोठ्या माणसांना इकडे फार लाडात ठेवतात.

३ मे, शुक्रवार

काही तरी गडबड आहे. एकशे अठ्ठेचाळीस पानं झाली. आज सही करायच्या सहा पानांच्या गठ्ठ्यावर माझ्या हातून तेलाची बुधली कलंडता कलंडता वाचली. दोन थेंब उडाले ते पुसायला पानं उचलली आणि पुन्हा रचली. मास्तर आले. मी वरचं पान दिलं, १४६. त्यांनी आकडा म्हटला. पान झालं की वत्सलाबाई त्याचा शेवटचा आकडा माझ्या रजिस्टरातही उतरवतात; तिथे १४६ पुढे वेगळाच लिहिलेला. पुढचं पान, तेही जुळेना. तिसरंही नाही. वत्सलाबाईंनी पानं माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. काकांना बरं नाही म्हणाल्या आणि त्यांना घेऊन गेल्या. 

मास्तर चुकणार नाहीत. म्हणजे थोरलीचं एखादं चाक सरकतंय : रजिस्टरात उतरवताना एक आकडा दाखवते आणि पानावर उतरवताना दुसरा. मागे मी वैद्यनाथन् यांना यंत्र निर्दोष म्हणून छाती काढून सांगितलं होतं. उद्या खोलतो तिला.

४ मे

सकाळपासून थोरलीचे तीनशेवर भाग पांढऱ्या धोतरावर मांडले. एकेक दात बोटाने तपासला. चाक नाही, दात नाही, स्प्रिंग नाही. काही म्हणता काही नाही.

वैद्यनाथन् आपल्या तासांना आले. थोरलीची ती अवस्था बघून विचारलं, "काय झालं?" मी खरं ते सांगितलं : काम तीनचे आकडे जुळत नाहीत. ते सरळ वर प्रिन्सिपॉलांकडे गेले आणि अर्ध्या तासाने निरोप घेऊन आले. सोमवारी दहा वाजता सुंदररावांनी सगळी पानं घेऊन प्रिन्सिपॉलांपुढे यायचं, सांगतील ती पानं वाचून दाखवायची. जुळलं नाही तर काम तीन बंद, तास काम एकला.

ते गेले तेव्हा वत्सलाबाई दारात उभ्या. सगळं ऐकलं होतं.

"तिला जोडा परत," म्हणाल्या. "तिला कांहीं झालें नाहीं."

"मग आकडे?"

"काकांस दोन वर्षें झालीं, दिसत नाहीं. उजेड आणि अंधार, एवढेंच."

मी खाली बसलो. बसलो तो चाकांवर बसलो असतो, तिने हात धरला.

"पानांचे शेवटचे आकडे मी घरीं म्हणते, ते क्रमाने पाठ करतात. काल तुम्हीं क्रम मोडला."

"मग हे काम कोणाचं?"

"सूत्रें त्यांचीं. त्यांत उन्हाने आटणारें पाणी धरलेलें नव्हतें, तें मी घातलें. पानें सगळीं माझीं." मग म्हणाल्या, "गेल्या साली पट्टीश्वरम्कडच्या टोकाच्या पाटास पाणी अकरा दिवस उशिरा आलें. रोपें जळलीं. जुन्या तक्त्यांत तो पाट नाहींच. सोमवारीं पानें क्रमाने ठेवा, भैरूराव. एवढेंच मागतें."

मी होय म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. थोरली जोडायला दुपार गेली. शेवटी एक स्क्रू उरला. पुन्हा खोलली.

दोन महिने त्या माणसासमोर उभा होतो आणि मला दिसलं नाही. आंधळा कोण म्हणायचा?

५ मे, रविवार

पानं क्रमाने ठेवायला माझं काय जातं? सकाळी तेच ठरवलं होतं. पण वैद्यनाथन् मूर्ख नाही. मधलंच पान उपसणार आणि मास्तर तिथेच पडणार. मग खोटी सही म्हणून एकशे अठ्ठेचाळीस पानं चुलीत. नियमही मीच केलेला. तो वाकवावा तर उद्या प्रत्येक प्रोफेसर येऊन वाकवेल.

रजिस्टर काखेत मारलं आणि सारंगपाणी देवळामागे त्यांच्या घरी गेलो. मास्तर झोपाळ्यावर. वत्सलाबाईंनी कॉफी आणली.

"कोण, भैरू? पावलें ओळखलीं. तेलाचा वास आधीं आला."

मी एका दमात सांगितलं की मला कळलंय. झोपाळा थांबला.

"तुज कोणें सांगितलें?"

"मी सांगितलें, काका."

त्यांनी कॉफीचा पेला चाचपून खाली ठेवला. मग म्हणाले, "एक जूनपर्यंत थांब. तक्ते जाऊं देत. मग गांवभर दवंडी पीट."

"मास्तर, उद्या पकडलं तर तक्ते जाणारच नाहीत. प्रत्येक पानावर तुमची सही आहे. तुम्ही पडलात की ती सगळी पडतात."

"मग काय करूं म्हणतोस?"

"चौथा नियम : मुख्य माणूस आपल्या कामात कोणालाही कोणताही बिल्ला देऊ शकतो. कोणताही. वाटोळा द्यायचा नाही असं कुठे लिहिलेलं नाही."

"ही पोर तेवीस वर्षांची. पद नाहीं, पगार नाहीं. कोण ऐकेल?"

"रजिस्टरात वयाचा रकाना नाही."

"तुझें रजिस्टर!" मास्तर एकदम कडाडले. "चौथी शिकलेला तूं, मज नियम शिकवतोस? चाळीस वर्षें शिकवलें मीं या गांवांत. उद्यां सगळ्यांपुढे उभें राहून सांगूं, कीं मी आंधळा, पुतणीने सांगितलेलें पोपटासारखें बोलत होतों? जुलैंत मुदत वाढवतील मग माझी?"

"नाही वाढवणार," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

वत्सलाबाई भांडी उचलता उचलता म्हणाल्या, "काका, नका देऊं. चालेल मज." आणि आत गेल्या. आवाज अगदी सरळ होता, पण आतून पेला पडल्याचा आवाज आला.

मास्तर म्हणाले, "जा तूं."

मी आलो. पानं क्रमाने लावायची की नाही, अजून ठरत नाही. चार गावं सोडली तेव्हा एवढा विचार केला नव्हता.

६ मे, सोमवार

पानं होती तशीच नेली. लावली नाहीत, मोडलीही नाहीत.

प्रिन्सिपॉल टेबलामागे, वैद्यनाथन् खिडकीशी, मी दाराला पाठ लावून. मास्तर जरीकाठी उपरणं घेऊन आले, हात वत्सलाबाईंच्या खांद्यावर. वैद्यनाथन् यांनी गठ्ठ्याच्या मधून एक पान उपसलं आणि पुढे धरलं. मास्तरांनी हात पुढे केला तो वीतभर बाजूला. पान तसंच हवेत. 

मग मास्तर तमिळमध्ये म्हणाले, आणि त्यांची तमिळ मला त्यांच्या मराठीपेक्षा लवकर कळते : "वैद्यनाथा, तू माझा विद्यार्थी. तेव्हाही पान फार लांब धरायचास. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. आकडे मी पाठ करून म्हणत होतो, ती लबाडी माझी. हे काम हिचं आहे." आणि खिशातून वाटोळा बिल्ला काढून वत्सलाबाईंच्या हातात दिला. तिची मूठ स्वतः मिटली.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे? असं देता येत नाही."

मी म्हटलं, "येतं सार. नियम चौथा. आपली सही आहे."

"मी अशी सही केली?"

"फेब्रुवारीत. पहिले अकरा नियम आपण न वाचता मंजूर केलेत."

प्रिन्सिपॉलांनी माझ्याकडे असं बघितलं की मद्रासची गाडी किती वाजता आहे ते मी आठवून ठेवलं. त्यांनी नियम मागवले. वाचले. चौथ्यावर बोट ठेवून बसले.

वैद्यनाथन् यांनी हातातलं पान टेबलावर ठेवलं. आता माझ्याकडे वळले. "लहान यंत्र मोकळं आहे का?"

खाली आले, कोट काढला, आणि काम तीनमधली चार पानं स्वतः दांड्यावर पहिल्यापासून केली. माणूस अवजड, पण हात चांगला आहे हे कबूल. दुपारचं जेवण चुकवलं. चौथ्या पानाला एका जागी अडले आणि वत्सलाबाईंना विचारलं, "इथे तू काय वजा केलंस?" ती म्हणाली, "आटलेलं पाणी, सार." त्यांनी परत केलं. जुळलं.

वर जाऊन म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. माझे तास मला नकोत, महिनाभर."

प्रिन्सिपॉलांनी एक जूनपर्यंत मान्य केलं. पण एक अट : सुंदररावांच्या सह्या चालणार नाहीत. सगळी पानं नव्या मुख्य माणसाने वाचून सही करायची. आणि जुलैत मास्तरांची मुदत वाढणार नाही, तेही तिथेच सांगितलं. मास्तर म्हणाले, "शरि." म्हणजे बरं, एवढंच.

जिना उतरताना मी त्यांचा हात धरला. झटकतील वाटलं. म्हणाले, "किती पायऱ्या?" मी म्हटलं, चौदा. "पंधरा," ते म्हणाले. पंधराच होत्या.

८ मे

काल मास्तर आले नाहीत. आज आले, खोलीबाहेर जटक्यातच, म्हणजे घोड्याच्या गाडीतच, बसून राहिले. बिल्ला नाही ना. वत्सलाबाई मला म्हणाल्या, "माझ्या कामांत कोण आंत, तें मी ठरवायचें, होय कीं नाहीं?" होय म्हटलं. "मग काका आंत. खुर्ची थोरलीच्या उजवीकडे ठेवा. सूत्राचें तोंडीं विचारायचें असतें मज. कोणता बिल्ला द्यायचा तो तुम्हीं द्या."

 तीन आकारांत हे काम बसत नाही. रामलिंगकडे जाऊन चौथा पाडून घेतो म्हटलं. मास्तर जटक्यातूनच ओरडले, "तोंवर उन्हांत बसूं काय मी?" आणले आत, बिनबिल्ल्याचे. माझ्या खोलीचा पहिला मोडलेला नियम. आकाश काही पडलं नाही.

मग एकशे अठ्ठेचाळीस पानं. ती प्रत्येक पान उचलायची, शेवटचा आकडा मोठ्याने वाचायची, मी रजिस्टरात खूण करायचो. मास्तर ऐकत होते. जिथे ती घाई करी तिथे "पुन्हां," म्हणत. पानागणिक त्यांची सही मी रूळ लावून आडवी खोडली. ते खरवडणं त्यांना ऐकू जात होतं. दहा-बारा पानांनंतर म्हणाले, "जोराने खोड रे. अर्धवट राहिलें तर लोकांस दोन माणसें वाटतील."

पहिल्या पानावर सही करताना तिने पेन थांबवलं. "पूर्ण नांव घालूं, कीं नुसतें व?"

मी म्हटलं, "नियमात नाही."

मास्तर म्हणाले, "पूर्ण घाल."

तिने पूर्ण घातलं, सावकाश. चौकट मी दोन अक्षरांपुरती आखली होती. नाव दोन्ही बाजूंनी बाहेर गेलं.

चौसष्ट पानं अजून व्हायची आहेत. एक जूनला चोवीस दिवस. होतील. त्यांच्या चौकटी उद्या सकाळी रुंद आखतो.